एकही बांगडी वाढली नाही

कासाराच्या घरात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. चैत्रातल्या पहिल्या शुक्रवारी डोहावरून परत आलेल्या टोपलीत अशा वाढलेल्या बांगड्यांच्या काचा असायच्याच. खालच्या बायकांच्या दारात आपली काच ठेवायची नाही, एकूणएक तुकडा वेचून वर आणायचा, ही या घराची तीन पिढ्यांची रीत. आण्णा जायचे तेव्हा ओंजळभर काचा यायच्या; दोन वर्षांपासून त्यांचा धाकटा नृसिंह जात होता, त्याच्याही यायच्या. त्यांच्या वडिलांच्या वेळी तर चिमणाबाईनं फडकंभर पाहिल्या होत्या. म्हातारा हाताचा जड होता आणि तोंडाचाही.

आज मात्र टोपलीत काचेचा एकही तुकडा नव्हता.

चिमणाबाईनं टोपली पालथी केली. फडकं झटकलं. वेताच्या विणीत नख घालून घालून पाहिलं. तांदळाचे दोन ओले दाणे निघाले. दरवर्षी परत येणारा बांगड्यांचा एक जोड होता, तो देवीचा, नवरात्रात अंबाबाईला जायचा. पण काच म्हणून नाही. तिनं टोपली बाजूला ठेवली आणि माजघराच्या दाराकडं तोंड करून बसली. ही बाई अशी बसली की घरात कुणाची तरी धडगत नसे.

अठ्ठावन्न वर्षांची ही आण्णांची बहीण. बाविसाव्या वर्षी पांढऱ्या कपाळानं कागलहून माहेरी आली, ती या माजघरात बसली. दुकानात जायच्या बांगड्या मापाप्रमाणं लावायच्या, दोऱ्यात ओवायच्या, हे तिचं काम. हजारो हातांच्या बांगड्या तिच्या बोटांतून गेल्या आणि तिच्या मनगटावर एकही चढली नाही. त्याचं आता काही वाटत नाही असं ती सांगायची. सांगायची एवढंच. धाकटा भाचा नृसिंह दहा वर्षांचा असताना त्याची आई, माई, गेली; तेव्हापासून तिनं त्याला वाढवलं होतं, आणि तिचं जे काय होतं ते सगळं त्या पोरात होतं.

आणि आज तर घरात गडबड होती. कोयनेच्या भूकंपानं महाद्वार रोडवरच्या दुकानातली निम्मी काच नेली, त्याला चार महिने होत आले होते. आता कुठं चार माणसांत काही शुभ ठरवावं असं आण्णांच्या मनानं घेतलं होतं. गडहिंग्लजचे पाहुणे संध्याकाळी येणार होते. थोरली सून विमला, तिच्याच मावसबहिणीशी नृसिंहाची सुपारी फुटायची होती.

चिमणाबाई आधी आण्णांकडं गेली. ते ओसरीवर अडकित्ता घेऊन बसले होते.

काच आली नाही म्हणून तिनं सांगितलं. आण्णा म्हणाले, पोराचा हात बसला. एवढंच म्हणाले आणि सुपारी कातरत राहिले. त्यांच्या उजव्या तळहाताला बारा महिने भेगा असायच्या. थंडी नाही, उन्हाळा नाही, रापलेल्या मातीसारखा तो हात कोरडा. त्या हातातून सुपारीचं खांड निसटून खाली पडलं ते त्यांनी उचललं नाही, हे चिमणाबाईनं बघून ठेवलं.

हात बसला म्हणे. परवाच भाजीवाल्या धोंडुबाईच्या हातावर याच पोरानं तीन बांगड्या वाढवल्या होत्या आणि तिच्या तोंडून आईमाईचा उद्धार ऐकून घेतला होता. कासाराचा हात दुकानात बसत नाही आणि डोहात बसतो, हे तिला पटेना. काच वाढते ती घाईनं. ज्याला घाई नाही त्याचीच वाढत नाही. बाईचा हात हातात घेऊन एकेक बांगडी सरकवत, अंगठ्याचं हाड दाबत, थांबत, पुन्हा सरकवत बसणारा माणूस घाई का करत नाही, हे कळायला तिला काही कुणाची शिकवणी नको होती.

मग ती स्वयंपाकघरात गेली. विमला पुरणाला डाळ वाटत होती. विमलाचा वेगळाच संशय होता आणि तो चार महिने जुना होता. भावजी आरशात फार बघतात, एकटेच हसतात, सिनेमाच्या स्टुडिओत कुणाकडं तरी खेपा असतील, असं तिनं ठरवून टाकलं होतं. थोरला यज्ञेश्वर मध्येच पाणी प्यायला आला. त्याच्या मते तर भाऊ वेगळं दुकान घालायच्या बेतात होता. म्हणजे घरातले तिघं तीन बाजूंनी एकाच माणसावर डोळा ठेवून होते आणि आजवर कुणी कुणाला बोललं नव्हतं.

जेवायला बसल्यावर चिमणाबाईनं त्याच्या हाताकडं पाहिलं. नृसिंह उजवा हात सारखा धोतराला पुसत होता. पुसला की पुन्हा ओला. तांब्या उचलला, तांब्यावर पाचही बोटं उमटली. पाटाच्या कडेला हात टेकला, तिथं तळहाताएवढं थारोळं राहिलं. चिमणाबाईनं सगळ्यांसमोर त्याचं मनगट धरलं आणि तळहात नाकाशी नेला. नदीचा वास होता. उन्हाळ्यातल्या नदीचा, शेवाळाचा.

"कुणाचा हात धरलास?" तिनं विचारलं.

नृसिंहानं आण्णांकडं पाहिलं. आण्णांनी ताटातली नजर वर केली नाही.

"आत्या, जेवण हूं दे. सांगतो," तो म्हणाला.

माजघरात सगळे जमले. दुपार कलायला लागली होती. नृसिंह सव्वीस वर्षांचा, अंगानं उभा, आणि बोलायला लागला तेव्हा मात्र शाळेत उभं केलेल्या पोरासारखा भिंतीला टेकून बोलला.

हे घर शिवाजी पुलाच्या वरच्या अंगाला असलेल्या डोहात टोपली घेऊन उतरतं, हे घरच्यांना नवीन नव्हतं. गाव ज्यांना साती आसरा म्हणून काठावर हळदकुंकू वाहतं, त्यांना या घरात नुसतं खालच्या बायका म्हणत. चार पायऱ्या उतरलं की पाणी डोक्यावर मिटतं आणि पायाखाली कोरडी वाट लागते. सूर्य उगवायच्या आत जायचं, बांगड्या भरायच्या, मान वर करायची नाही, तिथलं खायचं नाही, आणि म्हशी नदीवर यायच्या आत वर यायचं. भरून झालं की बाई कासाराला वाकून नमस्कार करते, मग बाई सत्तरीची असो आणि कासार विशीचा. खालच्याही करतात. मग ओंजळभर ओले तांदूळ टोपलीत टाकतात. इतकं सगळ्यांना ठाऊक होतं. बाकीचं नृसिंहानं सांगितलं.

पहिल्या वर्षी त्यानं नुसता हात पाहिला होता. सव्वादोनच्या मापाचा हात, पण अंगठ्याखालचं हाड आडमुठं. दुसऱ्या वर्षी त्या हाताच्या मालकिणीनं विचारलं, वर पाऊस पडतो त्याचा आवाज कसा येतो? खाली पाऊस पोचत नाही. पाणी त्यांच्या डोक्यावर छपरासारखं असतं आणि वर म्हशी धुवायला आणल्या की त्यांची पोटं आणि पाय तेवढे दिसतात. म्हशी आल्या की तिथं दुपार झाली असं धरतात. गल्ल्या सारवलेल्या पण धूळ नाही, लख्ख उजेड पण कुणाला सावली नाही. नृसिंहानं तिला पत्र्यावरचा पाऊस, कौलावरचा पाऊस, छत्रीवरचा पाऊस तोंडानं वाजवून दाखवला. ती हसली तेव्हा त्यानं मान वर केली. तिचं नाव कालिंदी.

वर्षभर तो त्या नावावर जगला होता. स्टुडिओ नाही आणि दुकान नाही. विमला आणि यज्ञेश्वर यांनी एकमेकांकडं पाहिलं, दोघांचाही हिरमोड झालेला दिसला.

"आणि आज?" चिमणाबाईनं विचारलं.

"आज ती नमस्काराला वाकली, तर मी तिचा हात धरला. माझ्याच वयाची बाई माझ्या पाया पडती, मला कसंसंच झालं. सोडा म्हणाली. दोनदा म्हणाली. मला वाटलं लाजती. मग काय बोलली न्हाय. मी निघून आलो."

"वाकू दिली न्हाईस?"

"न्हाय."

आण्णा उठले. त्यांनी माजघराचं दार लावलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. बासष्ट वर्षांचा माणूस, गुडघे धरून चालणारा, पण त्या क्षणी कुणाची त्यांच्याकडं जायची छाती झाली नसती.

"आज हितनं कुणी भाईर जायाचं न्हाय. दिवं लागूस्तवर न्हाय," ते म्हणाले.

यज्ञेश्वरनं का म्हणून विचारलं. आण्णांनी सांगितलं ते तुकड्यातुकड्यानं सांगितलं. जिचा नमस्कार कासारानं घेतला नाही तिचा तो कासार राहत नाही. त्यानं भरलेल्या बांगड्या तिचा लग्नाचा चुडा होतात. त्यानं त्याच दिवशी, दिवे लागायच्या आत, हाताचं पाणी वाळायच्या आत, खाली जायचं असतं, आणि गेला की पुन्हा वर यायचं नसतं.

"आणि गेला न्हाय तर?" नृसिंहानं विचारलं. हे त्याला ठाऊक नव्हतं, हे त्याच्या तोंडाकडं बघून आंधळ्यालाही कळलं असतं. दर चैत्रात खाली जायचं, उरलेलं वर्ष वाट बघायची, आणि गडहिंग्लजला नाही म्हणून सांगायचं, एवढाच त्याचा बेत होता.

"फुटतील," आण्णा म्हणाले. "तिच्या हातात हाईत तितक्या फुटतील. आणि पुन्ना कुणाच्याबी हातनं तिला भरता येत न्हाईत."

या घरात तो शब्द चिमणाबाईनं जन्मात ऐकला नव्हता. विमलानं कानावर हात नेला.

यज्ञेश्वर लगेच बापाच्या बाजूला गेला. दार धरून उभंच राहा म्हणाला. त्याला भावाची माया होती, पण पाण्याची भीती त्याहून मोठी होती. नृसिंह गेला तर पुढच्या चैत्रात टोपली कुणाच्या डोक्यावर येणार हे त्यानं केव्हाच ओळखलं होतं. चिमणाबाईही आधी त्याच बाजूची होती. ती त्या खालच्या पोरीवर तोंडानं तुटून पडली. तिला नियम ठाऊक होता की नाही? मग सांगितलं का नाही? गप्प बसून तिनं पोराला अडकवलं. आजवर किती कासार असे ओढले असतील कोण जाणे, पाण्यातली जात ती.

"सोडा म्हणाली की दोनदा," नृसिंह म्हणाला. "त्यास्नी नियमाचं काय इचारलं की तोंडच उघडत न्हाय. तीच तेवढं म्हणाली. मीच धरून ठेवला, आत्या. वढलं आसंल तर मी वढलं."

त्याचा तळहात तो बघत होता. मघाशी पाणी टपकत होतं, आता नुसता ओलसर होता. बोटांची टोकं कोरडी पडली होती. बाहेर उन्हं परसातल्या भिंतीवर चढली होती.

चिमणाबाईचा संशय मात्र कधी एका जागी बसणारा नव्हता. तो पोरीवरून उठला आणि हळूच दुसरीकडं वळला. तिनं दाराकडं पाहिलं.

"आण्णा, ह्ये तुला कुणी सांगितलं?"

"आबांनी." आबा म्हणजे त्यांचे वडील.

"मग तू पोराला का सांगितलं न्हाईस? मान वर करू नको सांगितलंस, खाऊ नको सांगितलंस. नमस्काराचं तेवढं राहिलं?"

आण्णांनी मागं हात नेऊन कडी धरली. नृसिंहच बोलला, आणि त्याच्याही लक्षात ते आत्ताच आल्यासारखं बोलला.

"आत्या, खाली सातजणी हाईत, पर हात सहाच फुडं येत्यात. सातवी मागं बसती, भिताडाला. तिच्या हातात काय न्हाय. मी पैल्या वर्षी जोड फुडं केला, तर बाकीच्यांनी मान हलवली. म्हातारी झालीया ती आता. मी गेलो की माझ्या हाताकडं बघती."

दरवर्षी परत येणारा जोड. देवीचा म्हणून.

चिमणाबाईला एकेक आठवत गेलं. ती कागलला नांदत होती तेव्हा आबांनी आण्णांना एक दिवस दुकानात कोंडून घातलं होतं, आणि पुढच्याच महिन्यात लग्न उरकलं होतं. दारूचं काहीतरी असेल असं तेव्हा तिला वाटलं होतं. माईच्या हातात आण्णांनी कधी बांगडी भरली नाही. कासाराची बायको, आणि दारावर येणाऱ्या परक्या कासारणीपुढं हात करायची. घरातली रीत असेल असं तिनं धरलं होतं. माई कधी काही बोलली नाही. फक्त जायच्या आधी आजारपणात एकदा म्हणाली होती की यांचा हात फार कोरडा आहे.

चिमणाबाई उठून आण्णांसमोर गेली. त्यांचा उजवा हात तिनं कडीवरून काढून उघडला. त्या भेगा तिनं आयुष्यभर पाहिल्या होत्या आणि काच हाताळून पडल्या म्हणून सोडून दिल्या होत्या.

"छत्तीस वर्सं मी मोकळ्या हातानं बसलीया तुझ्या घरात," ती म्हणाली. "माझा गेला. देवानं नेला, त्येला काय इलाज? तिचा तर हितं ओसरीवर सुपारी कातरत बसलाय."

"आबांनी कोंडलं मला," आण्णा म्हणाले.

"एक दिवस कोंडलं. दुसऱ्या दिवशी दार उघडं हुतं की."

"दुसऱ्या दिवशी जाऊन काय ह्यो वाळल्याला हात दावणार हुतो तिला?"

 तिला भावाचा राग आला होता आणि त्याच वेळी त्याची कीवही आली होती, आणि या दोन्हींच्या खाली एक तिसरी गोष्ट होती जिच्याकडं ती बघत नव्हती. पोर जाणार. ती मेली तर खांदा द्यायला हा नसणार. दिवाळीला नसणार, आजारपणात नसणार. सोळा वर्षं जो आत्या म्हणून हाक मारत घरात शिरला, ती हाक बंद होणार. कडी तिथंच राहू द्यावी, अर्धा तास गप्प बसावं, हात वाळून जाईल आणि पोर घरात राहील. असं तिच्या मनात आलं, आणि आबांच्याही मनात हेच आलं असेल हे तिला कळलं.

तेवढ्यात विमला बोलली. सगळ्यांना वाटलं ती मावसबहिणीची बाजू घेणार.

"मामंजी, कडी काढा," ती म्हणाली. "ज्याचा हात असा ओला हाय, त्याच्या हातात माझी बहीण देऊ नगा. जल्मभर तो वाळायची वाट बघत बसंल ती."

यज्ञेश्वर बायकोवर ओरडायला गेला आणि तिच्या चेहऱ्याकडं बघून थांबला.

आण्णा दारातून बाजूला झाले नाहीत, पण अडवूनही उभे राहिले नाहीत. कडी चिमणाबाईनंच काढली. कडी दोनदा निसटली. मग ती नृसिंहाकडं वळली आणि भांडल्यासारखी म्हणाली, "सायकल घेऊन जा. पळत जाशील तर पुलावरच दिवस बुडंल."

नृसिंह तिच्या पाया पडला. तिनं पडू दिलं. डोक्यावर हात ठेवायचा तो तिनं जरा जास्तच वेळ ठेवला, मग ढकलून दिल्यासारखा काढला. तो विमलाच्या पाया पडला, भावाला मिठी मारली. बापासमोर आला तेव्हा आण्णा म्हणाले, "तिला सांग..."

नृसिंह थांबला. आण्णांचं तोंड उघडं होतं. काय सांग ते त्यांना सापडेना. बाहेर उन्हं कौलांवर गेली होती. चिमणाबाईनं पोराच्या पाठीवर थाप मारली तेव्हा तो निघाला, आणि परसातल्या दारातून सायकल काढल्याचा आवाज आला.

थोड्या वेळानं तिनं यज्ञेश्वरला मागोमाग धाडला. सायकल घेऊन ये म्हणाली. सायकलीचं निमित्त होतं.

दिवेलागणीला टांगा दारात उभा राहिला. विमलानं नुकतंच तुळशीपुढं निरांजन लावलं होतं. गडहिंग्लजचे बाळासो, विमलाच्या मावशीचे यजमान, दोघा भावकीतल्यांना घेऊन उतरले. एस.टी. निपाणीला बंद पडली म्हणून उशीर झाला, असं सांगत हातपाय धुऊन ओसरीवर बसले. मोठ्या आवाजाचा, मोकळा माणूस. आण्णा खांबाला टेकून बसले होते, ते नुसते हात जोडून राहिले. त्यांची तब्येत बरी नाही असं पाहुण्यांना वाटलं.

चिमणाबाई असल्या बैठकीत कधी पुढं यायची नाही. विधवा बाईनं सुपारीच्या वेळी आत राहायचं, हे तिला कुणी सांगावं लागत नसे. आज ती पदर खोचून ओसरीवर आली आणि सगळ्यांसमोर पाटावर बसली.

त्याच वेळी यज्ञेश्वर दारात आला. सायकल हातात धरून चालत आला होता, बसून नव्हे.

"काठाला हुती," तो हळूच म्हणाला. "तो न्हवता. कापडं वाळूत घडी घालून ठिवलीती. पाण्यात कायबी हललं न्हाय, आत्या. मी पोचलो तवा दिवस दिसत हुता अजून."

तिनं मान हलवली. मग पाहुण्यांकडं वळली.

"काय अक्का," बाळासो हसत म्हणाले, "नवरदेव कुठं दडवून ठिवलाय?"

"पावणं, तुमास्नी फुकट हेलपाटा पडला," ती म्हणाली. "पोरगीत काय खोट न्हाय, तुमच्यातबी न्हाय. पोरगा आमी दिला."

"दिला?" बाळासोंनी सोबतच्या दोघांकडं पाहिलं. "पोरगा देत असत्यात व्हय कुठं?"

"आमच्यात न्हवते देत," चिमणाबाई म्हणाली, आणि खांबाला टेकून बसलेल्या भावाकडं तिनं पाहिलं. "एकदा द्यायचा राहिला. आज दिला."

आण्णांनी तोंडावर उपरणं ओढून घेतलं. पाहुणे एकमेकांकडं बघत राहिले. चिमणाबाईनं विमलाला चहा ठेवायला सांगितलं आणि ती परसात गेली, ती चहा होऊन गार झाला तरी परत आली नाही.